वाघोबाची शपथ आणि वकिलीचा अर्ज

बा, ज्या सकाळी मी वकिलीच्या कॉलेजचा अर्ज भरला, त्या सकाळी शाळा उघडायच्या दीड तास आधी मी जव्हारच्या शाळेच्या ओट्यावर एकटाच बसलो होतो. घरी देवापुढे दिवा लावला, नमस्कार केला आणि चहा न घेताच निघालो. दौत, टाक आणि टीपकागद बरोबर घेतला होता. अर्ज इंग्रजीत होता. आधी माझं नाव लिहिलं, मग तुझं. तुझं नाव इंग्रजी अक्षरांत माझ्याशिवाय कुणी लिहिलं असेल असं वाटत नाही. वडिलांचा धंदा, शेती. माझं वय, एकोणपन्नास. तिथे जरा थांबलो, पण लिहिलं. शेवटी एक रकाना होता. कायदा का शिकायचा आहे ते चार ओळींत लिहा, असं त्यात होतं. तो कोरा ठेवला. मुलं यायला लागली म्हणून कागद घडी करून खिशात घातला आणि वर्गात गेलो.

तुला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. तू गेलास तेव्हा संस्थान होतं आणि मी नुकता मास्तर झालो होतो. आता संस्थान विलीन झालं आहे. कचेरीची इमारत तीच आहे, आतले साहेब बदलतात. मी वर्गात मुलांना शिकवतो की वडीलधाऱ्यांना अहो म्हणावं. तुला मात्र कधी म्हटलं नाही, आणि आता म्हटलं तर तू मागे वळून पाहशील, कुणाला हाक मारली म्हणून.

कायदा म्हणजे काय ते मी पहिल्यांदा तुझ्याजवळच पाहिलं. आपल्या साखरशेत गावाच्या शिवेवर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड. दोघांचं बांधावरून भांडण झालं की माणसं तुला बोलावत. तू भांडणाऱ्याच्या ओंजळीत मूठभर नाचणी घालायचास आणि म्हणायचास, "बोल." तो एकदा बोलायचा, नाचणी दगडापुढे ठेवायचा, आणि संपलं. त्यावर कुणी काही विचारत नसे. मी दहा वर्षांचा असताना आपली म्हैस चुलत्याच्या भातात शिरली होती. मी तिला बांधली होती, दावं तुटलं होतं. दगडावर हात ठेवून मी तसं सांगितलं. घरी येताना चुलता पुटपुटत होता, म्हणून त्याला पटावं यासाठी मी पुन्हा सुरू झालो, "वाघोबाची शप्पथ, मी..." तू मागून डोक्यात टपली मारलीस. "एकदा सांगला ना? मंग परत कशाला? वाघोबाला ऐकू नाय आला का?" आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा तू म्हणालास, "काय नाय. पोरगा खरा बोलतो, पन एकदा बोलून त्याचा भागत नाय." आई हसली आणि गरम भाकरी आधी माझ्या ताटात पडली.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. विलीनीकरणानंतर कुळांच्या चौकशा सुरू झाल्या. जमीन कुणाची यापेक्षा ती कसतो कोण, हे साहेब विचारू लागले. दाभोशाचा एक माणूस होता, स्वतःची जमीन नसलेला. नदीकाठचं भाताचं एक खाचर त्याने बारा पावसाळे कसलं होतं. जमीनमालक म्हणत होता, हा नुसता मजूर. साहेब तरुण होते, देशावरचे. त्यांना इकडची बोली कळेना म्हणून त्यांनी शाळेतून मला दुभाषा म्हणून बोलावून घेतलं. खुर्ची दिली. म्हणाले, "तुम्ही इथले वाटत नाही, मास्तर. भाषा अगदी स्वच्छ आहे तुमची." मला ते आवडलं. ते आवडलं नसतं तर पुढचं घडलं नसतं.

कारकुनाने त्या माणसाला ईश्वराला स्मरून खरं सांगेन असं म्हणायला सांगितलं. त्याने मान हलवली. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. साहेब मला म्हणाले, "विचारा याला, शपथ घ्यायला अडचण काय आहे?" मी विचारलं. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, गावात वाघोबाम्होरं सांगला ना मी. सगळी मान्सं होती. आता परत शपथ घेतली तं त्याला खोटा केल्यावानी नाय का?"

बा, ते मला कळलं. त्या खोलीत ते कळणारा मी एकटाच होतो. दोन वाक्यांत साहेबांना सांगता आलं असतं, आणि साहेब वाईट नव्हते, त्यांनी ऐकलं असतं. पण ते सांगायचं म्हणजे दगड, शेंदूर, ओंजळीतली नाचणी सगळं सांगावं लागलं असतं, आणि मी इथलाच आहे हे उघड झालं असतं. मी म्हणालो, "घेणार नाही म्हणतो, साहेब." बस, एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं. साहेबांनी मान डोलावली, लिहून घेतलं, शपथेवाचून त्याचं म्हणणं धरलं गेलं नाही, आणि खाचर गेलं. तो माणूस बाहेर पडताना मला रामराम करून गेला. पुढे तो मजुरीला जाऊ लागला. बाजारात दिसला की मी दुसऱ्या बाजूने जातो.

तेव्हापासून वकिलीचं डोक्यात बसलं. तिथे बोलणारा कुणीतरी हवा, असं मी स्वतःला सांगत होतो. बाहेरून बी. ए. झालो, त्यालाच बरीच वर्षं गेली. मग या कॉलेजची प्रवेशाची परीक्षा. इंग्रजी उताऱ्याचा सारांश आणि मराठीचं भाषांतर, तासाभरात. घड्याळ शाळेत, म्हणून घरी तुझ्या सुनेने वेळ धरली. ती पेज चुलीवर ठेवायची आणि मी लिहायला बसायचो. "पेज उतरली. ठेवा आता टाक." मी म्हणायचो, एक ओळ राहिली. "तिकडं परीक्षेत कोन ठेवनार हाय तुमच्यासाठी पेज?" एकदा म्हणाली, "पन्नाशीला काळा कोट! लोकांना वाटंल, कुनाच्या बाराव्याला निघालं." पण दुसऱ्या दिवशी पेज तिने मंद आचेवर ठेवली, ते मी पाहिलं.

परीक्षा नाशिकला झाली. लिहिलं ते बरं झालं असावं. नंतर प्रिन्सिपलसाहेबांनी एकेकाला आत बोलावलं. माझ्या अर्जातल्या त्या रकान्यात मी शेवटी लिहिलं होतं की लहानपणापासूनची इच्छा आहे. ते त्यांनी मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "पन्नास वर्षं टिकलं म्हणायचं तुमचं लहानपण!" मी हसलो. ते म्हणाले, "खरं कारण काय?" मी म्हणालो, "हेच, साहेब." मला पुन्हा खुर्ची दिलेली होती.

प्रवेश मिळाल्याचं पत्र गेल्या महिन्यात आलं. जूनच्या आत हजर व्हायचं, म्हणजे नोकरी सोडायची. मुलींची लग्नं झाली आहेत, घरचं भात आहे, दोन वर्षं निघतील. अडचण ती नव्हती. रोज सकाळी राजीनामा लिहायला बसायचो आणि पूजेच्या वेळी उठायचो. जो माणूस कचेरीत अर्धं बोलला आणि नाशिकलाही अर्धंच बोलला, तो काळा कोट घालून पुरं बोलेल कशावरून? हे विचारायला कुणी नव्हतं, म्हणून तुला लिहायला बसलो. इथपर्यंतचं पत्र तीन आठवड्यांपूर्वी लिहून झालं होतं. पुढचं आज लिहितो आहे.

रविवारी दाभोशाला गेलो. जीप होती, पण चालत गेलो. त्याच्या झोपडीवरून दोनदा पुढे गेलो, तिसऱ्यांदा थांबलो. तो अंगणात टोपली विणत होता. त्याची बायको म्हणाली, "गुरुजींना बसाया घाल." मी म्हणालो, नको, उभ्यानेच सांगतो. सगळं सांगितलं, साहेब काय म्हणाले आणि मला काय आवडलं, तेही. तो बांबूची काडी सोलत राहिला. मग म्हणाला, "ठावा होता मला. तुमी खुर्चीवं बसल्याव आमचा बोल सायबाला पुरा कवा सांगला?" बायको म्हणाली, "आवं, घरी आल्यात ते." तो म्हणाला, "आल्यात ना. मंग आयकू दे की त्यांना." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आता वकील व्हनार म्हनं?" मी म्हणालो, बघू. "बघू काय? माझा खाचर गेला तो गेला. दुसऱ्या कुनाचा जाया नको." मला त्याने बसायला सांगितलं नाही. पाणी मात्र बायकोने दिलं.

बा, एक कबूल करतो. हे पत्र सुरू केलं तेव्हा मनात होतं की माफी तुझ्याकडेच मागावी, म्हणजे दाभोशापर्यंत चालावं लागणार नाही. गेलेला माणूस नाही म्हणत नाही. म्हणून हे तुला पाठवण्यासारखं राहिलेलं नाही. जे सांगायचं होतं ते ज्याला सांगायचं त्याला एकदा सांगून झालं. काल सोमवारी, पहिल्या तासाच्या आधी, मी हेडमास्तरांच्या टेबलावर राजीनामा ठेवला.