दारातलं वाक्य

प्रिय ताई,

मी पाऊल आत टाकणार तोच बाईंनी पलंगावरून हात वर केला. तीस वर्षं झाली, शिस्त तीच. दारात उभं राहायचं, आज पाहिलेली एक खरी गोष्ट बाई शिकवायच्या त्या परक्या भाषेत सांगायची, मगच आत. मी म्हटलं, लिफ्टमध्ये एका आजोबांनी मला छत्री धरायला देऊन बुटाची नाडी बांधली. बाईंनी क्रियापद दुरुस्त केलं आणि खुर्ची दाखवली.

आठवतं? शिकवणीला जाताना आपण रस्ताभर डोळे फाडून बघत चालायचो. कुत्रं, सायकल, वाळत घातलेली चादर. कालचं आज चालायचं नाही. तू बाईंना जकातनाका म्हणायचीस. व्याकरण चुकलं तर त्या दहादा समजावत. खोटं एकदाही खपवून घेत नसत.

दवाखान्यात दुभाषी म्हणून मी त्याच भाषेवर जगते. परवा एका मुलाने हात जोडले, आईला आजार सांगू नका म्हणाला. आईने मात्र मलाच विचारलं. डॉक्टर बोलले तेवढं मी सांगितलं, न वाढवता, न झाकता. ती माझा हात धरून बसली. बरं झालं, म्हणाली. हे मी कुणाकडून शिकले ते तुला ठाऊक आहे, आणि ते ऐकायला तुला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे.

बाबा घर सोडून गेले त्याला आठवडा झाला होता. गल्लीभर माहीत होतं. तू दारात म्हणालीस, आज बाबांनी मला डबलसीट आणलं. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, हे खरं नाही, दुसरं सांग. तू चपला पायात सरकवल्यास आणि गेलीस, ती कायमचीच. मी आत बसून राहिले. हे तुझ्याशी कधी बोलले नाही.

आज बाईंनीच विषय काढला. बारा तारखेला त्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे. नंतर आवाज राहणार नाही. "मोठीला सांग," त्या पहिल्यांदाच आपल्या भाषेत म्हणाल्या, "त्या दिवशी मी नुसतं व्याकरण तपासून तिला आत घ्यायला हवं होतं." शब्द मी पोचवले. आवाज पोचवता येत नाही. बारा तारखेच्या आधी ये.

तुझीच,
आत बसून राहिलेली धाकटी

ता. क. सकाळी पत्र टाकण्याआधी बाईंकडे गेले. दारात सांगितलं, काल मी ताईला पत्र लिहिलं. त्यांनी एक उच्चार सुधारला आणि मला दुसरी खुर्ची आणून ठेवायला लावली.