विष्णुभाईंचा ललित

२० जुलै १९९७

कसली पंचाईत! तापीकाठच्या जुन्या दगडी स्मारक हॉलात सुरतेच्या शहीद जवानांची नावं कोरलेली आहेत. आता तिथं यांचंही कोरणार. फेब्रुवारीत वर सीमेवर बर्फाचा कडा कोसळला, त्यात हे गेले.

नाव द्यायला सासूबाई आणि मी गेलो. ललित, हे सासूबाईंनी सांगितलं. बापाचं नाव? झालं! त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मी सासऱ्यांचं. शेवटी त्या म्हणाल्या, "देवघरमा विष्णूना काया दगड ऱ्हास ना, तेच." शालिग्राम! कोणीही ओळखेल. हॉलच्या गुजराती सेक्रेटरींनी मान डोलावली आणि लिहूनही टाकलं. त्यांची अक्षरं मला कुठे वाचता येतात! बाहेर येऊन आम्ही दोघी हसलो — बातमी आल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसताच सासूबाईंना रडू फुटलं.

८ ऑगस्ट

नाव कोरून झालं, म्हणून मामंजींना नेलं. सासरे इतके महिने लूमवर कामाला जातात, येतात. देह मिळालाच नाही, हे एकच धरून बसलेत. मला कुंकूही पुसू दिलं नाही.

पहारेकऱ्याने वाचून दाखवलं — ललित विष्णुभाई पाटील! सेक्रेटरींनी कोड्यातला विष्णूच धरला होता. मामंजींचा चेहरा मात्र उजळला. "हाऊ कोना विष्णुभाईना पोऱ्या शे. आपला ललित येई."

घराजवळ लिंबायतला उतरल्यावर त्यांनी जिलेबी घेतली.

९ ऑगस्ट

जिलेबी कुणी खाल्ली नाही.

११ ऑगस्ट

सेक्रेटरी ओशाळले. बरोबर नाव द्या, लगेच सुधारतो म्हणाले. मी चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. दिली नाही! दिली तर मामंजींच्या लेकाला मीच मारल्यासारखं. नाही दिली तर यांचं मरण परक्या बापाच्या नावावर. सासूबाई म्हणतात, तू ठरव. मी कशी ठरवू?

आणि खरं लिहू? त्या दिवशी भिंतीपुढे मलाही वाटून गेलं — असेल दुसराच कोणी. क्षणभरच. पण काय बरं वाटलं होतं!

१५ ऑगस्ट

हा विष्णुभाई कोण ते बघायचं, म्हणून मामंजी आज आपणहून हॉलात आले. हार घालायला एकेका जवानाच्या वडिलांना पुकारत होते. "विष्णुभाई पाटील!" कोणी उठेना. पुन्हा पुकारलं. मामंजी मान वळवून वळवून सगळ्या खुर्च्या बघत होते. मग माइकवाला म्हणाला, याच्या घरचं कोणी आलेलं नाही, पुढचं नाव घेतो.

मामंजी उठले.

"लिखी ल्या. बापनं नाव शालिग्राम. ललित मना पोऱ्या व्हता."

व्हता, म्हणाले.