आभाळाचा शेक

६ एप्रिल
गच्ची गेली! एका कंपनीने आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तारेची भलीमोठी जाळी ठोकली. अख्ख्या भांडुपमध्ये यांना दुसरी गच्ची दिसली नाही! अंतराळात उपग्रह ऊन गोळा करणार, त्याची वीज बिनतारी खाली सोडणार आणि ही जाळी ती झेलणार म्हणे. इंजिनिअर सुयोग पोरगा बरा आहे, दोनदा चहा मागून प्यायला. पण मी कुरडया कुठे वाळवायच्या, ते त्याला सांगता येईना.

हे आजही पलंगावरच. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. डॉक्टर ओरडतात — चालला नाहीत तर पाय कायमचा आखडेल. मी दिवसभर मागे लागते. उठा, पाय हलवा, निदान दारापर्यंत चला. हे भिंतीकडे तोंड करून पडतात. मला भीती वाटते. या वयात मी यांना उचलणार कशी?

९ एप्रिल
सेक्रेटरी नंदकिशोरने जिन्यात पाटी लावली — 'अंतराळाची वीज सुरू. गच्चीत मोबाईल उंच धरू नयेत.' लगेच सगळे धरायला गेले.

११ एप्रिल
तळमजल्यावरच्या नीलावहिनींची आखडलेली कंबर सुटली! जाळीखाली पापड घालत होत्या, म्हणे वरून मंद मंद शेक येतो.

संध्याकाळी अर्धी सोसायटी जाळीखाली आडवी. कुणाची मान, कुणाचा खांदा, एकीची लोणच्याची बरणी. नंदकिशोरने पाळ्या लावल्या — सकाळी ए विंग, दुपारी बी. भाडेकरूंना शेक द्यायचा का, यावर रविवारी मीटिंग आहे.

१३ एप्रिल
ह्यांना म्हटलं, सगळ्यांना गुण येतोय, तुम्हीही जाऊन बघा. म्हणाले, "बघूया." आणि उठले! कठडा धरून धरून दोन मजले चढले. मी जिन्यात बसून रडले.

२४ एप्रिल
रोज जातात. काठी सोडली. मला मात्र वर येऊ देत नाहीत — "दोघां बसलव की शेक अर्धो जाता. तू खालीच रव." थांबते बापडी.

२ मे
सुयोग आला. विचारलं, किती वीज आली रे? हसायला लागला. "काकू, उपग्रह अजून वर गेलेलाच नाही. पुढच्या वर्षी जाईल. आत्ता फक्त जाळी वाऱ्यात टिकते का ते बघतोय."

हळू बोल रे, आत हे आहेत! नंदकिशोरला बोलावून घेतलं. तो म्हणतो, "मग काकी, माझी मान कशाने सुटली?" तुझी मान खड्ड्यात गेली. ह्यांना कळलं तर पुन्हा पलंग धरतील. दोघांकडून शपथ घेतली — तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

४ मे
सुयोगच्या पाठी लागून जाळीला हिरवा दिवा बसवून घेतला. वीज येतेय असं वाटायला हवं ना! दिवा चालतो आमच्याच मीटरवर.

५ मे
हे गच्चीतून हसत हसत आले. "दिवो कशाक लावलंस गो? वर काय एक नाय, मी गेलंय त्या पयल्याच दिवशी जाळी लावणाऱ्या पोरांनी सांगितलेला."

मग रोज कशाला जाता?

"थंय माका कोण पाय हलवा म्हणत नाय."