खाली सोडलेली होडी

दादा,

तुझी युद्धनौका बेपत्ता झाल्यापासून तू अर्धवट सोडलेलं तिचं मॉडेल मीच पुरं करतेय. काल तिच्या कडेची शेवटची जीवरक्षक होडी दोऱ्यांनी टांगली. आई म्हणाली, "बाहुलीचं लग्न असल्यासारखी सजवतेस गं."

सकाळी होडी जागेवर नव्हती. दोरे तुटले नव्हते. कुणीतरी ते सावकाश खाली सोडले होते, दोन्ही टोकं सारखी ठेवून, तू शिकवायचास तसे.

होडी आईला उंबऱ्यापाशी सापडली. रिकामी, आणि तळाला ओली. मला वाटलं, आता ही रडणार. पण तिने ती ओढणीने पुसली आणि म्हणाली, "अंघोळीला पाणी कडकडीत काढते. गारठला असेल."

हे पत्र आता टाकत नाही. घरात आम्ही दोघीच, आई माझ्या शेजारी बसलीय, आणि बाथरूमला आतून कडी लागलीय.

तुझी,
चिमटी