परातीतलं कोमट पाणी

प्रिय मालन,

हाकेच्या अंतरावर असलेल्या बायकोला पत्र लिहिणारा नवरा अख्ख्या वाटुरात मीच असेन. समोरच्या वर्गात तुम्ही सगळ्या सिस्टर जेवून जरा आडव्या झाल्या आहात, आणि मी इकडं व्हरांड्यात, ज्या शाळेत बारा वर्षं कविता शिकवल्या तिथंच, गुडघ्यावर वही घेऊन बसलोय. समोरचं लिंबाचं झाड तेच आहे. त्याच्याखाली पोरं चालीत कविता म्हणायची, आणि आता तिथं साखरेचे पेशंट चपला काढून रांगेत बसतात.

खरं सांगायचं तर शिबिराला मी सेवेसाठी आलोच नव्हतो. दोन वर्षं तू या मिशनच्या लोकांबरोबर येत होतीस आणि मस्तगडच्या घरी परतलीस की तुझ्या बोलण्यात एकच नाव असायचं. शांतवन डॉक्टर असे, शांतवन डॉक्टर तसे. तुम्ही एकाच दवाखान्यात उमेदवारी केलीत, तू नर्स, तो नवशिका डॉक्टर, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. पण सत्तरीच्या माणसानं तुला 'मालू सिस्टर' म्हणावं? मालू तर मीसुद्धा कधी म्हटलं नाही. म्हणून यंदा म्हटलं, मीपण येतो, नावं लिहीन, खुर्च्या मांडीन. तू हसलीस. 'या की, पण मधेमधे कविता म्हणू नका,' म्हणालीस.

पहिल्याच सकाळी प्रार्थनेनंतर डॉक्टरांनी सांगितलं की येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून इथं आधी पाय धुवायचे, मग तपासायचे. आणि तू पदर खोचून परातीपुढं बसलीस. मालन, आपल्या लग्नात तुझ्या वडिलांनी असेच परातीत माझे पाय धुतले होते, तू शेजारी मान खाली घालून उभी होतीस. त्यानंतर माझ्या पायांकडं तू कधी बघितलं असशील का? इथं मात्र रांगेतल्या खैरुनबीच्या भेगाळलेल्या टाचा मांडीवर घेऊन तू लोण्याचा गोळा धरावा तशा धरून होतीस.

तेही चाललं असतं. पण टाचेचा घट्टा खरवडून काढताना ती कळवळली, तेव्हा तू हळूच गुणगुणायला लागलीस, आणि मी नावं लिहिता लिहिता थांबलो. चौथीच्या पुस्तकातली पाखराची कविता. सगळी कडवी, माझ्या चालीत. चाळीस वर्षं मी ती स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणत आलो आणि तू 'आधी दळण आणा' म्हणत आलीस. मला वाटायचं, भिंतीला ऐकवून राह्यलो. तू ती घेतली होतीस, आणि दिली कुणाला, तर वाटुरच्या खैरुनबीला. मी किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. खैरुनबीच म्हणाली, 'मास्तर, ऐसा क्या देखते? तुमारीच बीवी है, शामकू वापस देती.' सगळी रांग हसली. तूही.

मंग काल मी काय केलं ते तू बघितलंसच. नावांचं काम दुसऱ्याकडं दिलं आणि चपला काढून गुपचूप रांगेत बसलो. साखर मलाही आहे, माझा काय हक्क नाही? तू वर बघितलंस, म्हणालीस, 'अगोबाई, पाहुणे आले,' आणि माझे पाय परातीत घेतलेस. कविता म्हटली नाहीस. मी वाट बघत होतो.

पुढं डॉक्टरांची पाळी. डोळे मिटायला लावून ते तळपायाला नायलॉनचा बारीक दोरा टेकवतात, लागला की 'हो' म्हणायचं. मी दोन्ही पायांना बराबर 'हो' म्हणत गेलो. ते म्हणाले, 'गुरुजी, पाय तरुण आहेत हो तुमचे.' त्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना माझी छाती फुगली होती.

संध्याकाळी त्यांनी तुला पुढच्या दौऱ्याचं विचारलं. मंठ्याकडची गावं, मग आष्टी, तीन महिने. तू म्हणालीस, 'ह्यांना विचारून सांगते.' रात्री तू विचारलंस, आणि मी कूस बदलली.

आता ऐक. डॉक्टरांचा हात लयीत चालतो. उजव्या पायाला दोरा लागत होता, तेवढ्यात मला त्यांची लय सापडली. जन्मभर पोरांना ठेका धरायला शिकवलेला माणूस मी. डाव्या पायाला काहीच लागत नव्हतं, मी नुसता ठेक्यावर 'हो' म्हणत गेलो. त्याच्यासमोर माझा पाय मेलेला ठरावा, हे मला सोसवलं नसतं. पण मालन, त्याच्याही आधी, परातीत, उजव्या पायाला पाणी कोमट लागलं, तुझी बोटं लागली. डाव्याला तूसुद्धा लागली नाहीस. आज दुपारी फरशीवर लाल ठिपके दिसले, म्हटलं कुणाचे, तर ते माझ्याच मागं येत होते. डाव्या चपलेतून बाभळीचा काटा आरपार येऊन तळव्यात मोडला होता. सकाळपासून त्याच्यावर चालत होतो. हा पाय घेऊन तुझ्यासमोर आलो असतो तर तू दौरा तिथंच सोडला असतास, आणि तसंच व्हावं असं मला तासभर वाटत राहिलं. म्हणून तोंडानं न सांगता लिहितोय, म्हणजे उत्तर आधी आणि पाय मागून पोचेल. तू मंठ्याला जा. चारला रांग लागेल तेव्हा मी खैरुनबीच्या मागं बसलेला असेन. पाय धू, शांतवनांना दोरा टेकवू दे, जिथं लागणार नाही तिथं मी गप्प बसेन. फक्त काटा काढताना ती पाखराची कविता म्हण. दुखणार नाही मला, तरी म्हण.

तुझाच, रांगेतला
भुजंग