अर्जावरचा आंगठा

बाई, हे मी सांगते आहे आणि माझी मुलगी लिहिते आहे. रविवार आहे म्हणून ती बोईसरहून आली आहे. अक्षर तुम्हीच वळवलेलं, पाहिलंत तर ओळखाल. मला अजून एक अक्षर येत नाही. तुम्ही हौसेने आणलेली पाटी बरीच वर्षं लसूण सोलायला वापरली, मग नातवंडांनी फोडली. रागावू नका, लसूण चांगला सोलला जायचा.

घाटावरून तुम्ही मुरबे गावात आलात आणि आमच्या पडवीतली खोली भाड्याने घेतलीत. पहिले आठ दिवस नाकावरचा पदर निघत नव्हता. "पोरांना इज्ञान शिकवता आन् बोंबलाला भिता व्हय बाई?" असं मी म्हटलं की तुम्ही तोंड फिरवून हसायचात. पुढे तुम्हीच माझ्या शेजारी उभ्या राहून बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या दोरीवर टाकू लागलात. रागावलात मात्र एकदाच. मच्छीमार सोसायटीचा माणूस कसलासा कागद घेऊन आला आणि मी बोलता बोलता आंगठा उठवला. तुम्ही त्याच्या देखत म्हणालात, "मावशी, वाचून घेतल्याशिवाय कशावर आंगठा द्यायचा नाही. समोर कोणीही असो." मला झोंबलं. पण तेव्हापासून दवाखान्याची चिठ्ठीसुद्धा मी वाचून घ्यायला लागले. लोक म्हणत, ही स्वतःला मामलेदारीण समजते.

मग ते वर्ष आलं. एड्स नावाच्या नव्या रोगाची माहिती वर्गात द्या, असा वरून हुकूम होता. तुम्ही सांगत होतात, तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या मुलीकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, ही बाई हाय का बाप्या?" ही घरी बापाचा शर्ट घालायची, लग्न करणार नाही म्हणायची, मैत्रिणीच्या नावाने लाजायची. गावाला सगळं दिसत होतं. तुम्ही खडू खाली ठेवून म्हणालात, कुणाला पुरुष आवडतो, कुणाला बाई. कुणाला आपला देह आपला वाटत नाही. हा रोग नाही आणि पापही नाही, यावर हसायचं नाही. एवढंच. त्या संध्याकाळी मी चुलीपुढे बसले आहे, ही मला ते जसंच्या तसं सांगते आहे आणि कित्येक महिन्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेते आहे.

चौथ्या दिवशी बाजारात माझ्या शेजारची मासेवाली म्हणाली, "तुमची बाई पोरींना पोरींशी लगीन लावाया शिकवते म्हंतात."

"मला साधी भाकरी थापाया शिकवंना ती," मी म्हटलं, "लगीन कुटलं लावते?"

सगळ्या हसल्या. पण पलीकडे उभा असलेला गावचा पुढारी हसला नाही. त्याला पंचायतीला उभं राहायचं होतं आणि हातात काही नव्हतं. शाळेशेजारच्या देवळापुढे सभा झाली. संस्कृती बुडाली म्हणून तो गळा काढत होता आणि मधे मधे शाळेच्या भिंतीवर तंबाखूची पिंक टाकत होता. बाजाराच्या गर्दीत त्याचा हात कुठे कुठे जायचा ते आम्हा बायकांना विचारा. आपलं पोर कितवीत आहे हे न सांगता येणारे बाप शाळेला कुलूप लावायला सर्वांत पुढे. आजही आठवलं की तोंड धुवावंसं वाटतं.

तुम्ही हेडमास्तरांकडे गेला होतात तेव्हा तो पुढारी तुमच्याविरुद्धचा अर्ज घेऊन पडवीत आला. म्हणाला, "मावशे, तुजीच पोर बिगडवली. तुजा आंगठा पयला पायजे."

आठ दिवसांत शाळेच्या संस्थेने तुम्हाला काढलं. तुमची ट्रंक मीच डोक्यावर घेऊन एस.टी.पर्यंत आले. गाडी सुटता सुटता तुम्ही विचारलंत, "मावशी, वाचून घेतलं नव्हतंत ना?" मी म्हटलं, "नाय." तुम्ही माझा हात धरलात, म्हणालात, मग तुमचा दोष नाही. तुम्ही गेल्यावर ही ढसाढसा रडली आणि वर मलाच समजावत होती, आई, तुला कुठे वाचता येत होतं. आता बोईसरला एका खोलीत तिचं आणि तिच्या मैत्रिणीचं बरं चाललं आहे. मला माशाचं कालवण करून घालतात, खारट.

बाई, त्याने अर्ज वाचला होता. मीच म्हटलं, आधी वाच. दोनदा वाचायला लावला. बाईंनी माझ्या मुलीला नादी लावलं, असं त्यात होतं. ते खोटं हे मला ठाऊक होतं, ही तर पाळण्यात होती तेव्हापासून अशीच. पण वाटलं, ते तुमचं काम असलं, तर तुम्ही गेल्यावर ही सुधारेल. तेवढ्यासाठी दिला मी आंगठा. त्या पिंक टाकणाऱ्याची किळस येते म्हटलं खरं, पण शाई त्याच्या नाही, माझ्या बोटाला होती.

हे पाठवायला पत्ता नाही. लिहिणारी थांबली आहे, माझ्याकडे बघते आहे. मी तिला म्हटलं, लिही सगळं, आणि मला वाचून दाखव. मग आंगठा उठवते.