तीन दिवसांचा पाव

३ डिसेंबर १९१९, सकाळी

कर्नलसाहेबांनी कूच आणि रसदीचा प्लॅन माझ्यावर सोपवला. उशिरा का होईना, लायक माणूस सापडला म्हणायचा. मागे क्रांतिवाल्यांची लाल फौज. इकडे आम्ही तिच्याविरुद्ध लढणाऱ्या पांढऱ्या फौजेचे सहाशे वीस, त्यातले चाळीस टायफसने आडवे. पुढे करासू गाव, तिथे विहिरी, धान्य, छप्पर. मधे नुसतं बर्फाचं माळरान.

वाटाड्या सरसेनबाय, इथलाच कझाक म्हातारा. विचारलं, करासू किती लांब? म्हणाला, तीन दिवस. वर ओठाखाली तंबाखू दाबत मलाच विचारतो, पण साहेब, दिवस कुणाचा? घ्या! मी सुनावलं, बाबा, दिवस देवाचा, सूर्य उगवतो नि मावळतो तो. तो घोडीचा पट्टा आवळायला लागला. अडाण्याला एकदा नीट समजावलं की समजतं.

तीन दिवस. शाईने लिहिलं, खाली रेघ मारली.

५ डिसेंबर, निघताना

आजारी लोक प्लॅनमध्ये बसत नाहीत. त्यांना गाड्या दिल्या तर पाव काय डोक्यावर न्यायचा? मुक्कामाजवळच मेंढपाळांचं एक रिकामं हिवाळी घर आहे, तिथे ठेवले. जायला तीन, यायला तीन. सहाव्या दिवशी करासूचा ताजा पाव त्यांच्या दारात. तोवर तीन दिवसांचा दिलाय. अर्धा अर्धा खाल्ला की तिनाचे सहा होतात, साधा हिशेब.

त्यांच्यात माझा धाकटा भाऊ लुक्यान. म्हणाला, येफिमदादा, सहाव्या दिवशी नक्की ना? म्हटलं, वेड्या, शाईने लिहिलंय! हसला, मग खोकत राहिला. आईने विणलेला राखाडी मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. मी आत आहे, वारा तुला लागेल म्हणे. नको म्हणायला हवं होतं. घाईत राहिलं.

७ डिसेंबर, संध्याकाळी

तिसरा दिवस संपला. करासू दिसत नाही. प्लॅन बरोबर आहे, नकाशा चुकीचा असणार.

सरसेनबायला खडसावलं, कुठाय तुझं करासू? म्हणाला, पुढे. किती पुढे? कोकरं कशी चालतात त्यावर आहे, साहेब. मी म्हटलं, इथे कोकरं कुठली आली? त्याने आमच्या रांगेकडे पाहिलं. म्हाताऱ्याची नजर गेलेली दिसते.

८ डिसेंबर

बर्फाचं वादळ. सत्तर जण सकाळी उठले नाहीत.

मात्र दरडोई पाव वाढला. कर्नलसाहेबांना कळवलं, रसद सुधारतेय. त्यांनी टोपी काढली. कौतुकच असणार, बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नाही.

आचारी मत्वेई पाण्याचा पेला भरून त्यावर पावाचा तुकडा ठेवतो. मेलेल्यांचा वाटा. गावाकडे मीही ठेवतो, पण इथे? झापलं त्याला. नियमात बसत नाही.

९ डिसेंबर

हजेरीत एक माणूस जास्त भरतो. तीनदा मोजलं. रांगेच्या टोकाला उभा असतो, खोकतो. गळ्यात राखाडी मफलर. मफलर तर माझ्या गळ्यात आहे. हात लावून पाहिलं.

बर्फावर ऊन पडलं की डोळ्यांना असं होतं. मत्वेई म्हणाला, साहेब, त्याला मोजू नका, त्याला रेशन लागत नाही. मी विचारलं, कुणाला? तो पातेलं घासायला लागला. पातेलं स्वच्छच होतं.

१० डिसेंबर

आज सहावा दिवस.

नवीन टाइमटेबल केलं. त्यात सहावा दिवस चौदा तारखेनंतर येतो. आता सगळं जुळतं.

१२ डिसेंबर

पाव संपला. घोडे कापतोय. शेवटी सरसेनबायची घोडी उरली होती. त्याने स्वतः तिचे डोळे झाकले, कानात काहीतरी बोलला. मांसाला शिवला नाही. मी मात्र खाल्लं, डोकं चालायला हवं ना.

टोकाचा माणूस आता टोकाला नाही. रोज थोडा पुढे येतोय.

१४ डिसेंबर, दुपारी

करासू! पोचलो. दोनशे अकरा जण. दहावा दिवस.

सरसेनबायची गचांडी धरून त्याला हलवलं. तीन म्हणालास, तीन! त्याने माझे हात सोडवले, शांतपणे. म्हणाला, मी विचारलं होतं ना साहेब, दिवस कुणाचा. घोड्याचे तीन. मेंढ्या कोकरांसकट हाकल्या तर दहा. उपाशी पायी माणसं म्हणजे कोकरंच की. तुम्ही म्हणालात, देवाचा. मग मी काय बोलणार? देवाचे दिवस मला मोजता येत नाहीत.

हे त्याने आधी स्पष्ट सांगायला हवं होतं.

विचारलं होतं त्याने. तीन तारखेचं पान काढून वाचलं. माझ्याच अक्षरात आहे.

१५ डिसेंबर, सकाळी

सरसेनबायला विचारलं, त्या घरापर्यंत परत जायला किती दिवस? त्याने पुन्हा तेच विचारलं, कुणाचे?

या वेळी मी नीट विचार केला. घोडा एकही उरलेला नाही. म्हटलं, माझे.

मग दहा, तो म्हणाला. खाली बघत म्हणाला.

मत्वेईकडून पाव घेतला. दहा दिवसांचा माझा, आणि लुक्यानचा वेगळा, परतीचा. मत्वेईने न विचारता पेला पाण्याने भरला, त्यावर एक तुकडा ठेवला. मी तो तुकडा उचलून लुक्यानच्या पुरचुंडीत टाकला. म्हटलं, मेलेल्याचा तुकडा नको, माझ्या भावाला अख्खा पाव लागतो.

पेला तसाच उघडा राहिला. मागे कुणीतरी खोकलं. मी वळलो नाही, गळ्यातला मफलर काढून मागे धरला.

कुणी घेतला नाही.